एकाचे विस्मरण, दुसऱ्याची नोंद : यंत्रनिद्रा, रीसेट आणि स्मृतिगळती यांचा मुंबईच्या संदर्भात विचार

यंत्र एकतर चालू असते, नाहीतर बंद असते, ही समजूत सामान्य व्यवहारापुरती ठीक आहे. परळ, लालबाग आणि चिंचपोकळी या भागांत ज्यांचे आयुष्य गेले त्या गिरणी कामगारांच्या बोलीत मात्र 'गिरणी बंद आहे' या एकाच वाक्याचे निदान पाच अर्थ होत असत. आठवड्याची सुटी असली तरी गिरणी बंद. इंजिनात बिघाड झाला तरी बंद. कामगारांनी संप केला तरी बंद. मालकांनी टाळे लावले तरी बंद. आणि गिरणीचा कारभारच कायमचा आटोपला, तरीही ती बंदच. ऐकणारा मनुष्य चाळीतला असल्यामुळे यांपैकी कोणता अर्थ घ्यावयाचा, हे त्यास वेगळे सांगावे लागत नसे. भोंगा वाजला नाही, एवढीच खूण सर्वांना समान. पुढचे ज्याचे त्याने ओळखावयाचे. परंतु या पाच अवस्थांतून गिरणी पुन्हा 'चालू' करण्याचे मार्ग अगदी भिन्न आहेत. सुटीनंतर भोंगा पुरतो, बिघाडानंतर फिटर लागतो, संपानंतर वाटाघाटी लागतात. शब्द एक असला तरी त्याच्या पोटात दडलेल्या अवस्था अनेक असल्या म्हणजे पुनरारंभाच्या वेळी घोटाळा होतो, ही गोष्ट भाषाभ्यासकास अपरिचित नाही. यंत्राच्या बाबतीतही ती तितकीच खरी आहे. फरक एवढाच की यंत्रांस चाळीतला संदर्भ उपलब्ध नसतो.

आधुनिक संगणकाचा गाभा म्हणजे कर्नेल. पडदा, तबकडी, जाळ्याचे कार्ड इत्यादी प्रत्येक साधनाशी कर्नेलच्या वतीने बोलणारा जो आज्ञावलीचा भाग असतो, त्यास ड्रायव्हर म्हणतात. साधनास काम नसेल तेव्हा त्याची वीज कमी करावी, अथवा पूर्णपणे तोडावी, आणि ते अडकले असेल तर त्यास रीसेट करून मूळ अवस्थेत आणावे, ही ड्रायव्हरची नित्याची कर्तव्ये होत. ही कर्तव्ये पार पाडीत असता कर्नेलकडून उचललेली स्मृती परत करावयाची राहून जाते, आणि काही दिवसांनी यंत्र विनाकारण मंद होत जाऊन अखेर ठप्प होते. यालाच 'स्मृतिगळती' म्हटले जाते. या दोषाची तांत्रिक चर्चा पुष्कळ झालेली आहे. तो उत्पन्न कसा झाला, म्हणजे यंत्रांच्या इतिहासातील कोणत्या टप्प्यावर तो संभवनीय झाला, याची चर्चा त्या मानाने थोडी आहे. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की रीसेट ही एकतर्फी विस्मरणाची क्रिया आहे. दोन पक्षांमध्ये व्यवहार चालू असतो. त्यांपैकी एक पक्ष सर्व विसरतो, दुसऱ्याच्या वहीत मात्र नोंदी तशाच राहतात. हे दोन पक्ष जोवर एकच होते तोवर गळतीचा प्रश्न नव्हता. ते वेगळे कसे झाले, हे पाहण्यास मुंबई शहरासारखे दुसरे ठिकाण शोधावयास नको.

कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये ताडदेव येथे स्थापिलेली कापडगिरणी १८५६ मध्ये प्रत्यक्ष चालू झाली. तेथून पुढची सुमारे साठ वर्षे मुंबईच्या गिरण्या वाफेवर चालल्या. वाफेच्या गिरणीची रचना अशी की एका इंजिनाने छताखालील लांब दांडे फिरावयाचे, आणि त्या दांड्यांवरील पट्ट्यांनी शेकडो साचे व चात्या चालावयाच्या. एखाद्या साच्याचा पट्टा मोकळ्या चाकावर सरकवून तो एकटा थांबविता येई, हे खरे. पण शक्तीचा उगम एकच होता. इंजिन थांबले की सर्व खाते एकाच क्षणी थांबे, आणि निघाले की एकाच वेळी निघे. कोण जागे आहे व कोण झोपलेले आहे, असा प्रश्न उद्भवण्याचे कारणच नसे.

तथापि बॉयलरखान्यात एक तिसरी अवस्था पूर्वीपासून ठाऊक होती, आणि तिचे महत्त्व यंत्रेतिहासात पुरेसे ओळखले गेलेले नाही. रात्री गिरणी थांबल्यावर बॉयलरची आग विझवीत नसत. ती कोळशाने व राखेने दाबून, हवा कमी करून, धुमसत ठेवीत. थंड बॉयलरमध्ये वाफ धरावयास कित्येक तास लागतात, आणि धातू एकदम तापला अथवा निवला म्हणजे सांधे सैल होतात. म्हणून खर्च थोडा होत राहिला तरी चालेल, परंतु सकाळी भोंग्याबरोबर वाफ तयार असली पाहिजे, असा तो हिशेब होता. 'चालू' नाही, 'बंद'ही नाही. कमी खर्चात, थोडक्या वेळात जागे होता येईल अशी ही अवस्था. आजच्या संगणकाची निद्रा याच हिशेबावर उभी आहे. किती खोल झोपावे, हे जागे होण्यास किती वेळ परवडतो यावर ठरते. आणि जितकी झोप खोल, तितके अधिक विसरले जाते.

१९१५ मध्ये खोपोलीच्या वीजगृहातून सह्याद्रीच्या पाण्यावर उत्पन्न झालेली वीज सुमारे एक लाख व्होल्टच्या दाबाने परळ येथील ग्रहणकेंद्रात येऊ लागली, आणि गिरण्यांनी एकामागून एक वाफेचा त्याग करावयास प्रारंभ केला. या विजेची कहाणी निव्वळ प्रगतीची नाही. त्याच मालिकेतील मुळशीच्या धरणाविरुद्ध १९२१ पासून मावळातील शेतकऱ्यांनी सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला होता. आणि त्याहीपूर्वी, १९०५ च्या सुमारास, विजेच्या दिव्यांमुळे गिरण्यांतील कामाचा दिवस इतका लांबला की कामगारांत असंतोष उसळला. कापडगिरण्यांतील प्रौढ पुरुषांच्या कामास बारा तासांची मर्यादा घालणारा कायदा व्हावयास १९११ साल उजाडावे लागले. मनुष्यांच्या निद्रेचा विचार यंत्रांच्या निद्रेच्या मागून आला, असे या बाबतीत म्हणावयास हरकत नाही.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने विजेने घडविलेला मोठा फरक असा की प्रथम एका गटास एक, आणि पुढे प्रत्येक यंत्रास स्वतंत्र, अशी मोटर बसविता येऊ लागली. दांडा गेला, पट्टे गेले. प्रत्येक साच्यास स्वतःची कळ मिळाली, आणि त्याबरोबर स्वतःची अवस्थाही मिळाली. आता एक साचा चालू असता शेजारचा बंद असू शकत होता, आणि तिसरा वीज असूनही उभा असू शकत होता. शक्तीच्या पुरवठ्यात त्यामुळे एक श्रेणी निर्माण झाली. परळच्या ग्रहणकेंद्रात वीज नसेल तर गिरणीत नाही, गिरणीच्या फलकावर नसेल तर खात्यात नाही, खात्यात नसेल तर साच्यास कळ दाबून उपयोग नाही. जागे करावयाचे ते वरून खाली, निजवावयाचे ते खालून वर. हा क्रम संगणकातही अक्षरशः पाळावा लागतो. वाहिनी निजलेली असता तिच्यावरील कार्डाशी बोलू गेल्यास उत्तर येत नाही. पीसीआय वाहिनीवर तर अशा वेळी वाचलेल्या शब्दातील सर्व अंक एकच येतात, आणि अननुभवी ड्रायव्हर त्यासच खरे उत्तर समजून पुढे चालू लागतो. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईचा वीजपुरवठा एकाएकी खंडित होऊन लोकलगाड्या जागच्या जागी थांबल्या, तेव्हा शहर पुन्हा उजळले तेही टप्प्याटप्प्यानेच. सर्व कळा एकदम दाबून असे कार्य होत नाही.

साच्यास विसरण्यासारखे फारसे काही नसते. अर्धवट विणलेले कापड दांड्यावर असते, धागा तुटला तर तो कामगाराच्या डोळ्यास दिसतो. यंत्रास स्मृती आली तेव्हा प्रश्नाचे स्वरूप पालटले, आणि ते पालटले तेही याच शहराच्या दक्षिण टोकास. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन व त्यांचे सहकारी यांनी प्रथम एक लहान प्रायोगिक यंत्र आणि नंतर पूर्ण आकाराचे गणकयंत्र रचिले. ते १९६० मध्ये कार्यान्वित झाले, आणि १९६२ मध्ये कुलाब्याच्या नव्या वास्तूच्या उद्घाटनप्रसंगी पंडित नेहरूंनी त्याचे 'टिफ्रॅक' असे नामकरण केले. अठरा फूट लांबीच्या पोलादी सांगाड्यात सुमारे २,७०० निर्वात नलिका, १,७०० जर्मेनियम डायोड आणि १२,५०० रोधक बसविलेले होते. त्याची स्मृती चाळीस अंकांच्या २,०४८ शब्दांची होती. आजच्या मापाने अवघे १०,२४० बाइट.

या स्मृतीचा प्रकार लक्षात घेण्याजोगा आहे. ती फेराइटच्या बारीक कड्यांची होती. प्रत्येक कडे एका अथवा दुसऱ्या दिशेने चुंबकित झालेले असे, आणि ते चुंबकत्व वीज गेल्यानेही नाहीसे होत नसे. उलट, कड्यातील अंक वाचला की तो पुसला जाई आणि लगेच पुन्हा लिहावा लागे. म्हणजे या यंत्रास विस्मरण होई ते वाचण्याने, झोपण्याने नव्हे. दुसरीकडे निर्वात नलिकांची स्थिती बॉयलरसारखी होती. अमेरिकेतील एनिॲक यंत्राच्या सुमारे अठरा हजार नलिकांपैकी बहुतेक निकामी होत त्या तापताना किंवा निवताना, म्हणून ते यंत्र शक्यतो बंदच करीत नसत. वीज घालविणे धोक्याचे होते ते अवयवांस, स्मृतीस नव्हे, असा तो काळ होता.

त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की टिफ्रॅकमध्ये स्मृती देणारा व घेणारा असे दोन पक्ष नव्हते. ज्यांनी यंत्र रचिले, त्यांना त्यातील प्रत्येक तार ठाऊक होती. जो आज्ञावली लिही तो २,०४८ शब्दांपैकी कोणता शब्द कशास वापरावयाचा हे स्वतः कागदावर ठरवी. नवा प्रश्न सोडवावयाचा असला की नवी कागदी फीत आत घालावयाची आणि जुने सर्व पुसले गेले असे समजावयाचे. उचलच नाही, तेथे थकबाकी कोठून येणार? १९६४ मध्ये त्याच संस्थेत सीडीसी ३६०० हे परदेशी बनावटीचे मोठे यंत्र आले, आणि देशाच्या निरनिराळ्या भागांतील संशोधकांची कामे त्यावर होऊ लागली. आता अनेकांची कामे एका रांगेत लागत, आणि त्यांच्यावर देखरेख करणारी एक प्रणाली असे. पण एक काम संपले की त्यास दिलेली सर्व जागा प्रणाली परत घेई. आज्ञावली लिहिणारा कितीही निष्काळजी असला तरी त्याचा निष्काळजीपणा त्याच्या कामाबरोबर संपे. कामास मृत्यू होता, ही त्या व्यवस्थेची मोठी सोय होती. सामान्य कार्यक्रमांच्या बाबतीत ती आजही आहे. कर्नेलला मात्र ती नाही. यंत्र बंद होईपर्यंत त्याचे काम संपतच नाही, म्हणून त्याच्या वहीत पडलेली चुकीची नोंद तोवर टिकून राहते.

येथे नरसिंहन यांच्याविषयी एक गोष्ट नमूद करणे अस्थानी होणार नाही. गणकयंत्र रचणाऱ्या या शास्त्रज्ञाने पुढे भाषावर्तनाच्या अभ्यासाकडे लक्ष वळविले, आणि त्या विषयावरील त्यांचा ग्रंथ १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला. यंत्राच्या अवस्थांचा विचार करणाऱ्यास भाषेच्या संदर्भाचा विचार अखेर करावाच लागतो, असा योगायोग त्यात वाटल्यास पाहावा.

१९७० मध्ये इंटेल कंपनीची ११०३ ही अर्धवाहक स्मृती बाजारात आली, आणि काही वर्षांतच फेराइटच्या कड्या मागे पडल्या. नवी स्मृती स्वस्त व लहान होती, परंतु तिच्यातील प्रत्येक अंक म्हणजे सूक्ष्म विद्युद्भार. तो सतत ताजा करावा लागे आणि वीज जाताच नाहीसा होई. निद्रा आणि विस्मरण या दोन क्रिया एकत्र आल्या त्या येथे. एवढ्यानेही गळती लगेच सुरू झाली नाही. युनिक्सच्या १९७५ मधील सहाव्या आवृत्तीत कर्नेलचे बहुतेक कोष्टक ठराविक आकाराचे असे. इतक्या प्रक्रिया, इतक्या उघड्या संचिका, इतक्या नोंदी; त्याहून अधिक मिळणार नाही. एखादी नोंद परत केली गेली नाही तर कोष्टक भरे आणि यंत्र तसे स्पष्ट सांगे. दोष लपत नसे. कर्नेलमध्येच हवी तेव्हा हवी तेवढी स्मृती उचलण्याची सर्वसाधारण सोय पुढे आली. बर्कली येथील युनिक्ससाठी मक्युसिक व कॅरल्स यांनी १९८८ मध्ये, आणि सन कंपनीच्या प्रणालीसाठी बॉनविक यांनी १९९४ मध्ये मांडलेल्या पद्धती या क्षेत्रात प्रमाणभूत ठरल्या. उचलीस मर्यादा उरली नाही तेव्हाच थकबाकी अदृश्य झाली. गिरगावातल्या कोणाही जुन्या दुकानदाराने हे सांगितले असते.

अवस्थांना नावे देण्याचे काम याच सुमारास हाती घेतले गेले, कारण बॅटरीवर चालणारे संगणक आले होते. १९९२ मधील एपीएम या व्यवस्थेत निद्रेचा अधिकार बहुतांशी यंत्रातील मूळ आज्ञासंचाकडे होता, आणि कर्नेलला त्याची नीट वार्ता नसे. डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट व तोशिबा यांनी प्रसिद्ध केलेल्या एसीपीआय या प्रमाणसंहितेने हा अधिकार कर्नेलकडे आणला, आणि साधनांच्या अवस्थांना डी-० ते डी-३ अशी नावे दिली. डी-० म्हणजे पूर्ण जागृती. डी-३ म्हणजे गाढ निद्रा. पण एवढ्या भेदानेही काम भागले नाही. डी-३ मध्येही दोन प्रकार करावे लागले. एकात मुख्य वीज शिल्लक असते आणि साधन हाकेस ओ देऊ शकते. दुसऱ्यात वीजच तोडलेली असते. पहिल्यास उष्ण, दुसऱ्यास शीत म्हणतात. दाबलेली आग आणि विझलेली आग यांतील हा भेद बॉयलरवाल्यास समजावून सांगावा लागला नसता.

उष्ण निद्रेतून जागे झालेल्या साधनास पूर्वीचे काही आठवते काय, याचेही उत्तर एक नाही. काही साधने जागी होताना आपोआप रीसेट होतात, काही होत नाहीत. आणि आपण कोणत्या जातीचे आहोत हे सांगण्यासाठी साधनाच्या नोंदवहीत एक स्वतंत्र अंक राखून ठेवलेला आहे. तो अंक न वाचता 'निजले होते, आता उठले' एवढेच गृहीत धरणारा ड्रायव्हर, सुटीवरून आलेल्या कामगारास आणि टाळेबंदीनंतर नव्याने भरती झालेल्या कामगारास एकाच मुकादमाने एकाच शब्दांत काम सांगावे, तसा वागतो.

आता प्रत्यक्ष गळती कशी होते ते पाहावयाचे. जाळ्याच्या एखाद्या कार्डाचे उदाहरण घ्यावे. येणारे संदेश साठविण्यासाठी ड्रायव्हर कर्नेलकडून, समजा, २५६ कप्पे उचलतो, प्रत्येक २,०४८ बाइटचा. एकूण ५१२ किलोबाइट, म्हणजे टिफ्रॅकच्या संपूर्ण स्मृतीच्या पन्नासपटींहून अधिक. या कप्प्यांचे पत्ते तो कार्डास देतो आणि स्वतःच्या वहीतही ठेवतो. कार्ड अडकते, ड्रायव्हर त्यास रीसेट करतो. कार्ड सर्व पत्ते विसरते. पुढे ड्रायव्हर 'नव्याने मांडणी' करणारा तोच आज्ञाखंड पुन्हा चालवितो, जो पहिल्या वेळी चालविला होता. तो खंड नवे २५६ कप्पे उचलतो, आणि वहीत जुन्या पत्त्यांच्या जागी नवे पत्ते लिहितो. जुन्या कप्प्यांचा पत्ता आता कोणाजवळच नाही. कर्नेलच्या दृष्टीने ते कप्पे ड्रायव्हरच्या नावे आहेत. ड्रायव्हरच्या दृष्टीने ते अस्तित्वात नाहीत. अशा कार्डाची दर दहा मिनिटांनी निद्रा व जागृती होत असेल तर दिवसाला १४४, आणि आठवड्याला १,००८ वेळा ही उचल होईल. आठवड्याअखेर ५०० मेगाबाइटांहून अधिक स्मृती नावे पडलेली, आणि जमा काहीच नाही.

यावर 'आधी परत करा, मग रीसेट करा' असा सोपा उपाय सुचतो. तो चुकीचाच नव्हे, तर घातक आहे. कार्डास पत्ते दिलेले असतात तोवर ते मध्यवर्ती प्रक्रियकास न विचारता त्या जागी लिहू शकते. कप्पे परत केले, कर्नेलने ते दुसऱ्या कोणास दिले, आणि कार्डाने त्यातच जुन्या समजुतीने संदेश लिहिला, तर दुसऱ्याच्याच स्मृतीचा नाश होतो. गळतीने यंत्र मंद होते. या दोषाने ते खोटे बोलू लागते. म्हणून क्रम असा पाळावा लागतो: प्रथम नवे काम घेणे थांबवावे, चालू कामे संपू द्यावीत, खंडक मिटवावेत, कार्डाचा वाहिनीवर लिहिण्याचा अधिकार काढून घ्यावा, नंतर रीसेट करावा, पीसीआय एक्सप्रेसच्या प्रमाणानुसार एका कार्याच्या रीसेटला शंभर मिलिसेकंदांपर्यंत अवधी असतो, तोवर थांबावे, त्यानंतरच जुने कप्पे परत करावेत किंवा तेच पुन्हा वापरावेत. लिनक्समध्ये रीसेटपूर्वी व रीसेटनंतर ड्रायव्हरला सूचना देण्याची सोय आहे ती याच कारणासाठी. ज्यास विसरावयाचे आहे त्यास आधी गप्प करावे लागते.

विजेची अवस्था आणि गळती यांची गाठ सर्वांत विचित्र रीतीने पडली ती लिनक्सच्या वापरकालीन वीजव्यवस्थेत. राफाएल विसॉत्स्की यांनी घडविलेली ही व्यवस्था २००९ च्या अखेरीस कर्नेलमध्ये आली. साधन वापरणारा प्रत्येक भाग एका मोजणीत एक मिळवितो, वापरून झाले की एक वजा करतो. मोजणी शून्यावर आली की साधन निजू शकते. जागे करून मोजणी वाढविण्याची जी नेहमीची क्रिया, 'पीएम रनटाइम गेट सिंक', तिचा संकेत असा की साधन जागे झाले नाही तरी मोजणी वाढतेच. आज्ञावली लिहिणाऱ्यांनी स्वाभाविकपणे उलट समजूत करून घेतली. काम झाले नाही, तेव्हा आपण काही घेतलेही नाही, असे मानून ते चुकीच्या उत्तराबरोबर परत फिरत, आणि मोजणी एकने वाढलेली राही. असे साधन पुढे कधीच निजत नाही. ही गळती स्मृतीची नसून निद्रेची आहे. कित्येक ड्रायव्हरांत हा दोष आढळल्यानंतर २०२० मध्ये, अपयश आल्यास मोजणी पूर्ववत करणारी दुसरी क्रिया देण्यात आली. या प्रकरणी दोष ड्रायव्हर लिहिणाऱ्यांच्या माथी मारणे न्याय्य नाही. 'गेट' या क्रियापदाचा अर्थ मिळाल्यावाचून पुरा होत नाही, हे ज्ञान त्यांना भाषेने दिले होते. नाव ठेवणाऱ्यांनी ते मोडले.

उपाययोजनांतही तोच अनुभव येतो. २००७ मध्ये तेजुन हिओ यांनी अशी पद्धती आणली की ड्रायव्हरने उचललेली स्मृती साधनाच्या नावे नोंदवावी, आणि साधन व ड्रायव्हर यांची फारकत झाली की ती आपोआप परत जावी. सीडीसीवरील कामास जसा मृत्यू होता तसा ड्रायव्हरच्या उचलीसही मिळाला, असे यास म्हणता येईल. पद्धती उत्तम आहे. परंतु रीसेट म्हणजे फारकत नव्हे. रीसेटच्या वेळी याच पद्धतीने पुन्हा उचल करणाऱ्या ड्रायव्हरच्या खात्यावर जुनी व नवी अशा दोन्ही उचली साठत राहतात, आणि फारकतीची वेळ वर्षभर आली नाही तर वर्षभर साठतात. २००९ मध्ये कॅटालिन मारिनास यांचे केमेमलीक हे गळती शोधणारे साधन कर्नेलमध्ये आले. ज्या कप्प्याचा पत्ता कोठेच सापडत नाही तो गळलेला, अशी त्याची कसोटी आहे. येथे मात्र पत्ता खात्यावर नोंदलेला असतो, म्हणून कसोटी काहीच सांगत नाही. नोंद आहे, उपयोग नाही. आणि तपासनीस समाधानाने निघून जातो.

याच्या नेमका उलट प्रसंगही आहे. २००५ पासून लिनक्समध्ये केक्झेक ही सोय आहे. हिच्यायोगे एक कर्नेल पडताच, यंत्राची वीज न तोडता, दुसरे उभे करता येते. येथे विसरतो तो कर्नेल. साधने जागीच असतात, आणि पूर्वीच्या धन्याने दिलेल्या पत्त्यांवर नव्या धन्याच्या राज्यातही लिहीत राहतात. म्हणूनच अपघाताची नोंद घेण्यासाठी उभे राहणारे दुसरे कर्नेल स्वतःपुरत्या आधीच राखून ठेवलेल्या जागेत राहते, आणि पहिल्याच्या जागेस हात लावीत नाही.

'गळती' हा शब्द या सर्व प्रकारास कितपत योग्य आहे, याचा विचार व्हावयास हवा. इंग्रजी शब्दाचा तो सरळ अनुवाद आहे. मराठीत गळते ते छप्पर किंवा मडके. गळलेले पाणी बाहेर जाते आणि मडके रिकामे होते. येथे काहीच बाहेर जात नाही. स्मृती यंत्रातच असते, भरलेली असते, एखाद्याच्या नावे असते. केवळ ती मागणारा उरलेला नसतो. जमाखर्चाच्या मराठीत यास 'अडकलेली रक्कम' किंवा 'बुडीत येणे' म्हणतील. रूढ शब्द बदलण्याचा आग्रह धरण्यात अर्थ नाही, परंतु विद्यार्थ्यांस विषय शिकविताना 'गळती'पेक्षा 'बुडीत उचल' हा शब्द अधिक लवकर उमगेल. पाणी कोठे गेले हे शोधण्यापेक्षा वही कोणी मिटली हे शोधणे हाच या दोषाच्या तपासाचा मार्ग आहे.

लालबाग-परळला हा भेद फार जवळून ठाऊक आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. तो संप औपचारिकरीत्या कधीच मागे घेतला गेला नाही. काही गिरण्या पुन्हा निघाल्या, त्याही थोड्या कामगारांनिशी; पुष्कळशा क्रमाने कायमच्या मिटल्या, आणि त्यांच्या जागी उंच इमारती आल्या. 'संपामुळे बंद' या अवस्थेतून 'कायमची बंद' या अवस्थेत गिरणी नेमकी कोणत्या दिवशी गेली, हे अनेक ठिकाणी कोणी कामगारास सांगितले नाही. एका पक्षाने जागेची मांडणी नव्याने केली; दुसऱ्याच्या पेटीत पास, पगाराच्या चिठ्ठ्या आणि येणे रकमांचे हिशेब राहिले. घरांच्या प्रश्नासाठी गिरणी कामगारांच्या संघटनांना पुढे कित्येक वर्षे झगडावे लागले ते याच कागदांच्या आधारे.

गिरगावाजवळ, ज्यास लोक अद्याप लॅमिंग्टन रोड म्हणतात आणि ज्याचे नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे आहे, त्या रस्त्यावर संगणकाच्या सुट्या भागांची दुकाने दाटीने उभी आहेत. तेथे मिळणाऱ्या चित्रकार्डांपैकी काही जाती अशा आहेत की त्यांना स्वतःपुरता रीसेट नीट होत नाही. असे कार्ड एका आभासी यंत्रास दिले आणि ते यंत्र मिटले, तर कार्ड अर्धवट जागे, अर्धवट विसरलेले असे राहते, आणि दुसऱ्या यंत्रास देता येत नाही. त्यावर खात्रीचा उपाय एकच. त्या संगणकावर चाललेली इतर सर्व कामे थांबवावयाची, आणि मुख्य वीज तोडून पुन्हा जोडावयाची. एका साच्यासाठी सबंध खात्याचा दांडा थांबतो.